करमरकरांचे व्याख्यान, दिकिनची दोन पाने

विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात पाहुणा संशोधक येतो, तासभर बोलतो, वेळ संपत आल्यामुळे एक-दोन प्रश्न घेतले जातात, आभार मानले जातात आणि उपस्थितांना प्रमाणपत्रे मिळतात, असा संशोधनपर व्याख्यानाचा साचा महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांत रूढ झाला आहे. या साच्यात वेळेची काटकसर होते ती नेमकी प्रश्नोत्तरांत, आणि संशोधनाच्या दृष्टीने व्याख्यानाचा खरा उपयोग तिथेच असतो. हे विधान कोणाला अतिशयोक्त वाटल्यास त्याने लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, या विषयाचा इतिहास पाहावा. त्यात १९४८ आणि १९८४ या दोन वर्षांतील दोन व्याख्याने अशी आहेत की सभागृहात काय विचारले गेले आणि त्याला काय उत्तर मिळाले, यावर पुढच्या कित्येक वर्षांची वाटचाल ठरली, आणि त्यांतील दुसरे व्याख्यान एका मराठी तरुणाचे होते.

रेषीय नियोजनाचा प्रश्न वऱ्हाडातील वाचकाला नवा नाही, फक्त त्याचे नाव नवे असेल. अकोल्याहून वाशिमकडे जाताना घाट लागण्याआधी पातूर येते. तेथील एखाद्या शेतकऱ्याकडे दहा एकर रान आहे आणि त्यात कपाशी, तूर व सोयाबीन किती-किती एकरांत घ्यावे हे त्याला ठरवायचे आहे, असे समजावे. जमीन ठरलेली, विहिरीचे पाणी ठरलेले, वेचणीला मिळणारी मजूर माणसे मोजकी आणि हाती असलेली रक्कमही मर्यादित. या प्रत्येक मर्यादेची एक साधी असमता मांडता येते आणि या सर्व मर्यादा पाळून सर्वाधिक उत्पन्न देणारी वाटणी शोधणे म्हणजे रेषीय नियोजन. सर्व मर्यादा एकत्र मांडल्या की अवकाशात अनेक सपाट बाजूंची एक घनाकृती तयार होते, आणि उत्तम उत्तर तिच्या कोणत्या तरी कोपऱ्यावर सापडते, हे गणिताने सिद्ध होते. तीन पिकांसाठी कोपरे हातावर मोजता येतात. विमान कंपनीला हजारो उड्डाणांवर वैमानिक आणि विमाने वाटायची असतात तेव्हा कोपऱ्यांची संख्या कल्पनेपलीकडे जाते.

जॉर्ज डँट्झिग या अमेरिकी गणितज्ञाने १९४७ मध्ये सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली. एका कोपऱ्यापासून निघायचे, कडेकडेने अधिक चांगल्या शेजारच्या कोपऱ्यावर जायचे आणि पुढे सुधारणा शक्य नसेल तेथे थांबायचे, असा तिचा क्रम. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन येथे अर्थमितितज्ज्ञांच्या परिषदेत डँट्झिग यांनी हा विषय मांडला. त्या वेळी ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते आणि समोर त्या काळातील मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ बसले होते. डँट्झिग यांनी पुढे स्वतः नोंदवल्याप्रमाणे, व्याख्यान संपताच हॅरोल्ड हॉटेलिंग हे नामवंत संख्याशास्त्रज्ञ उभे राहिले आणि जग तर रेषीय नाही, एवढाच आक्षेप घेऊन बसले. तरुण वक्त्याला उत्तर सुचेना. तेव्हा श्रोत्यांतून ख्यातनाम गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी बोलण्याची परवानगी मागितली आणि सांगितले की, वक्त्याने आपल्या विषयाला रेषीय असे नाव देऊन गृहीतके स्पष्ट मांडली आहेत. ज्याच्या प्रश्नाला ती लागू पडतात त्याने पद्धत वापरावी, ज्याच्या प्रश्नाला पडत नाहीत त्याने वापरू नये. आक्षेप गंभीर होता आणि उत्तर पुरेसे होते. मात्र हे उत्तर शक्य झाले ते डँट्झिग यांनी गृहीतकांपासून पद्धतीपर्यंत सर्व काही फळ्यावर उघडे ठेवले होते म्हणून, ही गोष्ट पुढील वादाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मधल्या काळातील घडामोडी थोडक्यात सांगता येतात. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी मुद्दाम अशा घनाकृती रचून दाखवल्या की त्यांवर सिम्प्लेक्सला जवळपास प्रत्येक कोपरा पालथा घालावा लागतो, म्हणजे प्रश्नाचा आकार वाढला की श्रम दुपटी-दुपटीने वाढतात. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने अशी पद्धत दिली की जिच्यात श्रम प्रश्नाच्या आकाराच्या ठरावीक घाताच्या मर्यादेतच राहतात. संगणकशास्त्रात याला बहुपदी वेळ म्हणतात आणि सैद्धांतिकदृष्ट्या ती कार्यक्षमतेची मान्य कसोटी आहे. तथापि प्रत्यक्ष वापरात खाचियान यांची पद्धत अतिशय संथ ठरली.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. पवईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एम.एस. झाले आणि १९८३ मध्ये बर्कली येथे नामवंत संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. संशोधनातील संधी हा शब्द आज शिष्यवृत्तीची रक्कम आणि जाहिरातीची अंतिम तारीख एवढ्यापुरता उरला आहे. करमरकरांच्या बाबतीत संधी म्हणजे कार्प यांच्यासारख्या गाइडबरोबर एकत्र बसून काम करणे होते, आणि १९८२ मध्ये या दोघांनी मिळून लिहिलेला, मर्यादित आकाराच्या पेट्यांमध्ये वस्तू बसवण्याच्या प्रश्नावरील निबंध त्या क्षेत्रात आजही आधारभूत मानला जातो. पुढे ते न्यू जर्सीतील एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत गेले.

१९८४ च्या वसंतात वॉशिंग्टन येथे सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या वार्षिक परिसंवादात करमरकरांनी आपली नवी पद्धत मांडली आणि त्याच वर्षी तिचा विस्तृत निबंध कॉम्बिनेटोरिका या नियतकालिकात आला. कडेकडेने कोपऱ्यांवरून फिरण्याऐवजी घनाकृतीच्या पोटातूनच उत्तराकडे जायचे, आणि प्रत्येक पावलावर संपूर्ण अवकाशाचे असे रूपांतर करायचे की आपण उभे आहोत तो बिंदू नव्या आकृतीच्या मध्यभागी यावा व पुढचे पाऊल मोठे टाकता यावे, अशी तिची कल्पना होती. बहुपदी वेळेची सिद्धता त्यात होती आणि खाचियान यांच्या पद्धतीपेक्षा श्रमांची मर्यादाही पुष्कळ खाली आली होती. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने या शोधाची बातमी पहिल्या पानावर छापली. त्या वेळी करमरकर अठ्ठावीस वर्षांचे होते.

खरा वाद यानंतर उभा राहिला. नवी पद्धत सिम्प्लेक्सपेक्षा सातत्याने पन्नासपट वेगाने चालते, असा दावा करमरकरांनी केला. सिद्धांताची सिद्धता छापील निबंधात होती आणि तिच्याबद्दल शंका नव्हती. वेगाचा दावा मात्र संगणकावरील प्रयोगांवर उभा होता, आणि ते प्रयोग कोणत्या प्रश्नांवर केले, प्रत्येक पावलावर सोडवाव्या लागणाऱ्या प्रचंड समीकरणसंचाची मांडणी कशी केली, हा तपशील कंपनीच्या मालकीचा म्हणून दिला गेला नाही. गच्च भरलेल्या सभागृहांत नियोजनशास्त्रातील जाणकार तेच तेच प्रश्न विचारत राहिले आणि दुसऱ्या कोणाला पडताळता येईल असे उत्तर त्यांना मिळाले नाही. दोष संपूर्णपणे वक्त्याचा नव्हता, कारण संशोधकाने बाहेर किती सांगावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेकडे होता. तरीही विद्वत्सभेपुढे दावा ठेवायचा आणि पडताळणीची वाट बंद ठेवायची, ही रीत सभेच्या प्रयोजनालाच बाधक आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

ज्या प्रश्नांना सभागृहात उत्तर मिळाले नाही त्यांना उत्तर शोधण्यासाठी इतर संशोधक कामाला लागले. फिलिप गिल, वॉल्टर मरे, मायकेल साँडर्स, जॉन टॉमलिन आणि मार्गारेट राइट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, करमरकरांची पद्धत ही एका जुन्या कल्पनेशी, लघुगणकी अडथळ्याच्या पद्धतीशी, एका अर्थाने समतुल्य आहे. या जुन्या पद्धतीत उत्तर शोधणारा बिंदू घनाकृतीच्या भिंतीजवळ जाऊ लागला की त्याला दंड बसेल अशी एक संज्ञा, लघुगणकाच्या साहाय्याने, मूळ सूत्रात मिळवतात आणि तो दंड हळूहळू कमी करत नेतात. रॅग्नार फ्रिश यांनी १९५५ मध्ये ती सुचवली होती आणि फियाको व मॅककॉर्मिक यांनी १९६८ च्या ग्रंथात तिचा विस्तार केला होता. सत्तरच्या दशकात ती मागे पडली. करमरकरांचे मोठेपण या समतुल्यतेने कमी होत नाही, कारण बहुपदी वेळेची सिद्धता त्या जुन्या कामात कोठेही नव्हती. नव्या पद्धतीचे नाते जुन्या ज्ञानाशी जुळवण्याचे जे काम वक्ता आणि श्रोते मिळून करू शकले असते, ते मात्र बाहेरच्यांना दोन वर्षे खर्चून करावे लागले.

या धडपडीतून वर आले ते इल्या दिकिन हे नाव, आणि या साऱ्या इतिहासात सर्वाधिक न्याय ज्याला मिळायला हवा तो हाच माणूस. करमरकरांची मूळ पद्धत अवकाशाचे प्रक्षेपी रूपांतर करते. त्याऐवजी केवळ अक्षांची मापे बदलून तोच बिंदू मध्यभागी आणता येईल का, असा विचार अमेरिकेत एकाहून अधिक गटांनी जवळपास एकाच वेळी केला आणि १९८६ मध्ये त्यांचे निबंध आले. ही सोपी आवृत्ती अफाइन स्केलिंग म्हणून ओळखली गेली. पुढे ध्यानात आले की नेमकी हीच पद्धत दिकिन यांनी १९६७ मध्ये, म्हणजे जवळपास दोन दशके आधी, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या डोक्लादी या नियतकालिकात अवघ्या दोन पानांत छापली होती. दिकिन हे सायबेरियातील इर्कुत्स्क येथे काम करणारे गणितज्ञ. नियोजनाच्या गणिताचे आद्य प्रवर्तक आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे लिओनिद कांतोरोविच यांच्या परंपरेतले. १९७४ मध्ये दिकिन यांनी आपली पद्धत उत्तरापर्यंत पोहोचते याची सिद्धताही दिली. डोक्लादीचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील ग्रंथालयांत नियमित येत होते, आणि त्याच डोक्लादीत आलेल्या खाचियान यांच्या निबंधाने १९७९ मध्ये खळबळ उडवून दिली होती. दिकिन यांच्याकडे बहुपदी वेळेची सिद्धता नव्हती आणि इर्कुत्स्कहून येऊन पाश्चात्त्य सभागृहात फळ्यासमोर उभे राहण्याची वाटही त्यांना मोकळी नव्हती. छापील पान उपलब्ध होते, ते समजावून सांगणारा आणि त्यावर प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. एवढ्यामुळे एक पद्धत वीस वर्षे पडून राहिली.

एटी अँड टीने दरम्यान पेटंटची वाट धरली. मे १९८८ मध्ये करमरकरांच्या पद्धतीला अमेरिकी पेटंट मिळाले. गणिती पद्धतीवर मालकी सांगता येते का, या वादातील हे सर्वांत गाजलेले उदाहरण ठरले आणि जपानमध्ये हिरोशी कोन्नो या प्राध्यापकांनी त्याला कायदेशीर विरोधही केला. त्याच वर्षी कंपनीने कॉर्बेक्स ही, समांतर प्रक्रिया करणाऱ्या संगणकासह विकली जाणारी प्रणाली बाजारात आणली. तिची किंमत ८९ लाख डॉलर होती आणि ती फारच थोड्यांनी घेतली. त्याच काळात विद्यापीठांतील संशोधक आपापल्या आवृत्त्या उघडपणे छापत, एकमेकांच्या चुका काढत पुढे जात होते. १९९२ मध्ये संजय मेहरोत्रा यांनी मांडलेली सुधारित रीत आज जवळपास सर्व प्रणालींचा गाभा आहे. स्पर्धेमुळे सिम्प्लेक्सही पुष्कळ सुधारली आणि आज दोन्ही पद्धती एकाच प्रणालीत शेजारी-शेजारी असतात. उघड छापणाऱ्यांचे काम टिकले आणि झाकून ठेवलेली प्रणाली विस्मरणात गेली, हा निष्कर्ष या घटनाक्रमातून टाळता येत नाही.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल वेगळे आहे. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. त्यापूर्वीच्या पिढीला दूर जाण्यावाचून पर्याय नव्हता. परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. नागपूर, बडोदा आणि दिल्ली असा शिक्षणाचा प्रवास करून ते संशोधनात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० उभा केला. आज पातूरच्या विद्यार्थ्याला व्याख्यान ऐकण्यासाठी एवढे दूर जावे लागत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संपूर्ण अभ्यासक्रम मोबाइलवर मिळतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आणि सैद्धांतिक संगणकशास्त्राची १९८१ पासून भारतात दर डिसेंबरला भरणारी एफएसटीटीसीएस परिषद या वाटाही आहेत. ऐकण्याची सोय झाली, तरी ध्वनिचित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही, आणि दिकिन यांच्या दोन पानांचे जे झाले तेच अशा फितींतील ज्ञानाचेही होण्याची शक्यता आहे.

प्रश्नांना प्रत्यक्ष सामोरे जाणारे एक व्याख्यान मात्र प्रत्येक विद्यापीठात नियमाने होते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते म्हणजे पीएच.डी.चा व्हायवा. पेट किंवा नेट ही परीक्षा, मग आरआरसी या संशोधन समितीपुढे सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग कोर्सवर्क, या पायऱ्यांची चर्चा विद्यार्थ्यांत सतत चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकल्याची चर्चा तर फारच झाली. आयोगाच्या २०१६ च्या नियमांत मात्र असेही म्हटले होते की व्हायवा विभागातील प्राध्यापकांना, अन्य संशोधक विद्यार्थ्यांना आणि विषयात रस असलेल्या अभ्यासकांना खुला असावा, आणि परीक्षकांनी अहवालात नोंदवलेल्या आक्षेपांचा त्यात विचार व्हावा. म्हणजे बाहेरचा परीक्षक दोष दाखवतो आणि उमेदवार सर्वांसमोर उत्तर देतो. हॉटेलिंग आणि डँट्झिग यांच्यात घडले त्या प्रकारचा प्रसंग अमरावतीत घडण्याची तरतूद कागदावर आहे. तिचा उपयोग व्हायचा असेल तर संगणकशास्त्र विभागाने व्हायवाची तारीख आणि प्रबंधाचा सारांश पंधरा दिवस आधी पाचही जिल्ह्यांतील महाविद्यालयांकडे पाठवावा, वेळ दुपारी ठेवावी म्हणजे पातूरसारख्या सव्वाशे किलोमीटरवरच्या गावातून सकाळच्या एसटीने निघालेला विद्यार्थी वेळेत पोहोचेल, आणि उमेदवाराच्या मांडणीला दिलेल्या वेळेइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा.