गेममधले बग आणि मार्चएंड

‘टेस्टिंगच केलेलं नाही!’ नवा गेम तासाभरात तीनदा बंद पडला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. टेस्टिंग झालेलं असतं. मोठ्या कंपन्यांत टेस्टर महिनोन्‌महिने बग नोंदवत बसतात. त्यातले कोणते आता सोडवायचे आणि कोणते पुढच्या पॅचवर (प्रकाशनानंतरच्या दुरुस्तीवर) ढकलायचे, हे मात्र त्यांच्या हातात नसतं. ते ठरतं तारखेवर, आणि तारीख बऱ्याचदा हिशेबनीस ठरवतात.

अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या गेम कंपनीचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. तिचे अडखळलेले गेम कधी आले पाहा: ‘सिमसिटी’ ५ मार्च २०१३, ‘मास इफेक्ट : अँड्रॉमेडा’ २१ मार्च २०१७, ‘अँथम’ २२ फेब्रुवारी २०१९. मार्चएंडची घाई फक्त सरकारी कचेऱ्यांत असते असं थोडंच आहे! ‘अँथम’वर ईएच्याच बायोवेअर स्टुडिओची सहा-सात वर्षं गेली, पण त्यातली बरीचशी नेमका कसला गेम करायचा या घोळात. खरी बांधणी शेवटच्या वर्ष-दीड वर्षात उरकली. याला प्रोग्रामरांचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

‘इंटरनेटशिवाय हा गेम चालूच शकत नाही’ हा समज तर कंपन्यांनीच रुजवला. ‘सिमसिटी’त एकट्यानं शहर वसवता येतं, तरी इंटरनेट सक्तीचं होतं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले लोक रांगेत ताटकळले. भार हलका करायला ईएनं खेळाचा सर्वांत जलद वेगच बंद केला, तर ॲमेझॉननं डाऊनलोडची विक्री काही काळ थांबवली. शहराचं बरंच गणित आमच्या सर्व्हरवर होतं, असा कंपनीचा खुलासा आला. पुढे काही दिवसांतच गेममध्ये फेरफार करणाऱ्या एका हौशी मॉडरनं तो गेम इंटरनेटविना चालवून दाखवला, आणि मार्च २०१४मध्ये ईएनं स्वतःच ऑफलाइन मोड दिला! म्हणजे ही सक्ती खेळणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या सोयीची होती: चोरीची प्रत चालवणं अवघड होतं आणि गेममधलं दुकान कायम उघडं राहतं.

हे दुकानच आता मुख्य धंदा आहे. ईएच्या वार्षिक उत्पन्नात ‘लाइव्ह सर्व्हिसेस’चा (गेममधल्या खरेदीसारख्या चालू सेवांचा) वाटा ७० टक्क्यांच्या वर गेला आहे. गेम विकला की व्यवहार संपला, हे जुनं गणित झालं. २०१७च्या ‘स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २’मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला गेममधल्या चलनातले ६०,००० क्रेडिट लागणार होते. खेळाडू भडकले, तेव्हा किंमत १५,०००वर आली आणि प्रकाशनाच्या तोंडावर गेममधली खरेदीच थांबवावी लागली.

राहता राहिला ‘पॅच येईल, सुधारेल’ हा भरवसा. स्क्वेअर एनिक्स या कंपनीनं २०१०चा फसलेला ‘फायनल फँटसी १४’ दोन वर्षांत बंद केला आणि ऑगस्ट २०१३मध्ये नव्यानं बांधून आणला. पण एवढा खर्च कोण करतो? ‘अँथम’ची डागडुजी ईएनं फेब्रुवारी २०२१मध्ये सोडून दिली. जानेवारी २०२६मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ऑफलाइन मोड नसल्यानं विकत घेतलेली प्रतही निरुपयोगी झाली.