लांब हात, आखूड धड आणि ३०० किलो

लॅमर गँट हे नाव रोज जिमला जाणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. या अमेरिकन पॉवरलिफ्टरने १९८५ मध्ये ६० किलोच्या गटात जवळपास ३०० किलोची डेडलिफ्ट मारली. स्वतःच्या वजनाच्या पाचपट! त्याचा कणा स्कोलिओसिसमुळे वाकडा होता, त्यामुळे धड आखूड झालेलं, आणि हात तर विलक्षण लांब. तो ताठ उभा राहिला की बार गुडघ्यांच्या जेमतेम वर. बार जितकं कमी अंतर वर जाणार, तितकं काम कमी. (ताकद अफाट होतीच, ते वेगळं सांगायला नको.)

पण हेच लांब हात बेंच प्रेसला आडवे येतात. तिथे आखूड हात आणि भरदार छातीवाल्याची चैन!

स्क्वॉटमध्ये खरा प्रश्न मांडीच्या हाडाचा. ते धडाच्या मानाने लांब असेल, तर तोल सांभाळायला पुढे झुकावंच लागतं आणि कंबर-पाठीवर ताण वाढतो. अशा पोरांना "छाती वर कर रे" म्हणून ओरडणारे कोच मला पटत नाहीत. टाच उंच असलेले बूट किंवा पाय थोडे रुंद ठेवणं जास्त कामी येतं.

वेटलिफ्टिंगमध्ये तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू पाहा. उंची फक्त १४७ सेंटिमीटर, म्हणजे बारला वर जायचं अंतरही कमी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने ६० किलो गटात १९० किलोचा क्लीन अँड जर्क केला.

तेव्हा मित्राची स्टाइल जशीच्या तशी उचलू नका. आधी स्वतःचा स्क्वॉट बाजूने शूट करून बघा.