आरोपीचा मोफत वकील ‘सरकारी’ नसतो

‘वकिलाला द्यायला पैसे कुठले? पण कोर्टात सरकारी वकील मिळतो म्हणे.’ स्वारगेटच्या परिसरात, एसटी स्थानकावरच्या हमालांपासून गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या माथाडींपर्यंत, कुणाच्या घरचा पोरगा पोलिसांनी उचलला की हे वाक्य हमखास कानावर येतं. त्यातली आशा खरी आहे, पण शब्द चुकीचा आहे. आणि त्या एका शब्दापायी पुढे बरंच बिघडतं.

सरकारी वकील हा फिर्यादी पक्षाचा वकील. तुमच्या मुलावरचा आरोप सिद्ध करणं हे त्याचं काम. आरोपीला मोफत मिळणारा वकील वेगळा, आणि त्याला मराठीत स्वतंत्र नाव आहे: लोकअभिरक्षक. हे नाव अजून लोकांच्या तोंडी रुळलेलं नाही. मग नातेवाईक कोर्टाच्या व्हरांड्यात ‘सरकारी वकील कोण?’ असं विचारत फिरतात, कुणीतरी बोट दाखवतं, आणि घरातली सगळी हकिकत समोरच्या बाजूच्या वकिलाला सांगितली जाते. याहून वाईट घडतं ते उलट बाजूने. खुद्द आरोपीच आपल्या वकिलाला खरं सांगत नाही. ‘हाही सरकारचाच माणूस, पोलिसांना जाऊन सांगेल’ असं त्याला वाटतं. त्या रात्री आपण कुठे होतो, कुणी पाहिलं, मार बसला का, हे सगळं तो गिळून टाकतो. खरं तर अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायला साक्षीच्या कायद्यानेच मनाई आहे. वकील मोफत मिळाला म्हणून हे संरक्षण रेसभरही कमी होत नाही.

‘पगार सरकारी तिजोरीतून, मग माणूस कुणाचा?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की लोकअभिरक्षक कार्यालय पोलिसांच्या किंवा गृहखात्याच्या हाताखाली नाही. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, सचिवही न्यायिक अधिकारी असतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि त्याच्या मुळाशी संविधानातला ३९-अ हा अनुच्छेद आहे, जो १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, असं तो सांगतो. पूर्वी या कामासाठी वकिलांची यादी असे. आपापली खासगी वकिली सांभाळून ते अशी प्रकरणं अल्प मानधनावर पाहत. ती यादी आजही आहे. पण राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेने फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ कार्यालयं उभी राहिली. पुण्यातही असं कार्यालय आहे. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक अशी रचना असते, ठरलेला मासिक पगार मिळतो आणि खासगी खटले घ्यायला बंदी असते.

म्हणूनच ‘फुकटचा वकील म्हणजे शिकाऊ पोर’ हा समज पुरता बरोबर नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा, उपमुख्याला ७ वर्षांचा अनुभव लागतो. सहायक मात्र तरुण असतात, हे खरं. पण जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाऊ शकणाऱ्या खटल्यात न्यायालयाने दिलेला वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं. हा नियम का करावा लागला, ते पुढे येईलच.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गैरसमज. ‘खटला उभा राहिला की वकील बघू.’

अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. स्वारगेटहून शिवाजीनगरच्या कोर्टात जायला वेळ तो किती? २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मंडई, कसबा पेठ आणि पुढचं स्थानक जिल्हा न्यायालयाचं, एवढंच अंतर. कोर्टात त्या दिवशी ठरतं ते पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, की सुटका. ही सुनावणी अनेकदा काही मिनिटांत आटोपते. आरोपी मागे उभा असतो, इंग्रजी-मराठी मिसळलेलं बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं, आणि बाहेर आल्यावर तो शिपायाला विचारतो, ‘काय झालं साहेब?’

त्या काही मिनिटांत वकील असला तर पुष्कळ प्रश्न विचारता येतात. गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर नुसती नोटीस देऊन भागलं असतं, अटक का केली? अटकेची कारणं आरोपीला सांगितली का? घरच्यांना कळवलं का? अंगावर वळ असतील तर ते दंडाधिकाऱ्यांना दाखवून वैद्यकीय तपासणी मागता येते. चार दिवसांनी ते वळ उरत नाहीत. आणि वय! गावाकडून कामाला आलेल्या पोराचं वय अंदाजाने १९ लिहिलं जातं. तो १७ वर्षांचा निघाला तर त्याची जागा या कोर्टात नाही, बाल न्याय मंडळापुढे आहे, आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात तर मुळीच नाही.

म्हणून पहिल्या हजेरीपासून वकील देणं ही मेहरबानी नाही. बिहारच्या खत्री प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोफत वकिलाचा हक्क पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे नेतात तेव्हापासूनचा आहे, आणि तो आरोपीला समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. १९८३ मध्ये, पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून, अटक होताच पोलिसांनी विधी साहाय्य समितीला कळवावं असा आदेश झाला. १९८६ च्या सुकदास निकालाने आणखी एक पाऊल टाकलं. आरोपीने वकील मागितला नाही, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही. मागायचं कसं हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्या गप्प राहण्याला नकार म्हणता येत नाही. याहून माणुसकीचं तत्त्व आपल्या फौजदारी कायद्यात मला दुसरं दिसत नाही.

पात्रतेबद्दल थोडक्यात. ‘आमचं पिवळं रेशनकार्ड नाही, आम्हाला कसला वकील?’ कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, हा हक्क आहे. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे आणि त्यासाठी साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं. पीडितेला किंवा फिर्यादीलाही मोफत वकील मिळतो, पण तो लोकअभिरक्षक नसतो, प्राधिकरणाच्या यादीतला असतो. एकाच कार्यालयाने दोन्ही बाजू लढवायच्या नाहीत, हे त्यामागचं कारण.

एक सल्ला मात्र अनेक कुटुंबांना कायमचा बुडवतो. ‘कबूल करून टाक, थोडा दंड भर, आजच घरी जाशील.’ कोर्टाबाहेर घुटमळणारा कुणीही हे सांगतो, आणि रोजंदारी बुडालेल्या आईला ते पटतंही. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती नोंद पुसली जात नाही. स्थानकावरच्या पाकीटमारीत पुढच्या वेळी संशयितांची यादी निघते तेव्हा हे नाव वर असतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली, चोरीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना तडीपार करता येतं. शिवाय नव्या कायद्याने पहिल्यांदाच अडकलेल्याला दिलेल्या सवलती हातच्या जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा कमाल शिक्षेच्या निम्म्या काळाची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असणाऱ्यालाही ही सवलत नाही. पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत मुद्देमाल परत केला, तर भारतीय न्याय संहितेत शिक्षा तुरुंगाऐवजी समाजसेवेची आहे. हे सांगणारा जवळ कुणी नसला, की माणूस आजची सुटका घेतो आणि पुढची दहा वर्षं देऊन बसतो.

‘जामीन झाला म्हणजे सुटला’ हेही तितकंच चुकीचं. आदेश निघतो, पण जामीनदार हवा, त्याचा सातबारा किंवा सॉल्व्हन्सी हवी, आणि तो शक्यतो पुण्यातलाच हवा असा आग्रह होतो. माण-खटावहून किंवा बीडहून आलेल्या मजुराला पुण्यात घर असलेला जामीनदार कुठून मिळायचा? हा पेच जुना आहे. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते अमान्य करून त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडलं. तरीही २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. यातला प्रत्येक जण जामीनदाराअभावी अडकलेला नव्हता, पण तसे अडकलेलेही त्यांत होते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही, तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. म्हणून येरवड्यात आपला माणूस जामीन होऊनही बसला असेल, तर लोकअभिरक्षकाकडे अटी शिथिल करण्याचा अर्ज मागायचा. सावकाराकडे जायचं नाही.

राहिला तो प्रश्न, जो स्वारगेटमध्ये कुणी टाळू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद आली आणि सगळं शहर हादरलं. अशा गुन्ह्यातल्या आरोपीलाही वकील द्यायचा? पुण्यात त्या दिवसांत हा प्रश्न चहाच्या टपरीवरही होता. त्यामागचा संताप मला समजतो. तरीही माझं उत्तर हो असंच आहे, आणि ते केवळ आरोपीसाठी नाही.

२००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, खून आणि बलात्काराचं भीषण प्रकरण घडलं. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी योग्य ठरवली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झालं. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. ज्या कुटुंबावर तो घाला पडला, त्याला सोळा वर्षांनंतरही खरा गुन्हेगार मिळाला नाही. मध्य प्रदेशातल्या खांडव्यात तर २०१३ मध्ये एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यात आरोपीला ज्या दिवशी वकील दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि अवघ्या दोन आठवड्यांत फाशी सुनावली गेली. तयारीला वेळ मिळाला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला लावला. वर सांगितलेला १० वर्षांचा आणि सात दिवसांचा नियम याच निकालातला. अखेर २०२४ मध्ये त्या माणसाची निर्दोष सुटका झाली. त्या मुलीच्या आईवडिलांना अकरा वर्षांत काय मिळालं? बचावाच्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारलेला अवघड प्रश्न तपास सरळ ठेवतो.

कार्यालय आहे म्हणून सारं सुरळीत आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. एका वकिलाच्या टेबलावर फायली पुष्कळ असतात, तुरुंगातल्या अशिलाला भेटायला वेळ अपुरा पडतो. वकील भेटतच नसेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते, वकील बदलून मागता येतो. या सेवेत अशिलाकडून फी घ्यायची नसते, आणि दोषारोपपत्राची प्रतही आरोपीला विनामूल्य मिळते. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवेचा मदत क्रमांक आहे.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर रात्रीच १५१०० वर फोन लावा. सकाळी शिवाजीनगरला निघताना शाळा सोडल्याचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, कामावरच्या हजेरीचा कागद पिशवीत घ्या. कोर्टाच्या आवारात पोचल्यावर विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा, आणि तिथे लोकअभिरक्षक हाच शब्द वापरा. मुलगा आदल्या दिवशी गावाहून आला असेल, तर त्याच्या खिशातलं एसटीचं चुरगळलेलं तिकीटही फेकू देऊ नका. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते.