दमा घराण्यात आहे का?

शिर्डी-राहाता-कोपरगाव पट्ट्यात सोयरीक जमवताना पाहुणे सातबारा जितक्या बारकाईने पाहतात, तितक्याच बारकाईने समोरच्या घराच्या तब्येतीचीही चौकशी करतात. फक्त ती उघडपणे होत नाही. मध्यस्थ गावातल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला गाठतो, नाहीतर चहा झाल्यावर एखादी मावशी सहज विचारल्यासारखं विचारते, ‘तुमच्याकडे कोणाला दमा-बिमा नाही ना?’ उत्तर ठरलेलं असतं. आजोबांना ‘थंडीत जरा खोकला’ असतो, आत्याला ‘धुळीचं थोडं वावडं’ असतं. दमा कोणालाच नसतो.

लग्न होतं, लेकरू होतं, आणि त्याची छाती भरायला लागते. दर सर्दीला घुरघुर, पहाटे तीनला खोकल्याची उबळ, श्वास घेताना बरगड्यांखाली पडणारा खड्डा. बालरोगतज्ज्ञ विचारतात, ‘घरात कोणाला दमा, सारख्या शिंका, इसब?’ इथेही सवयीने ‘नाही’ असंच उत्तर जातं. बैठकीतल्या थापेने फार काही बिघडत नाही. दवाखान्यातल्या थापेने मात्र लेकराचे महिनोन्‌महिने वाया जातात. त्याला प्रत्येक वेळी नवं अँटिबायोटिक आणि नवं खोकल्याचं औषध मिळतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणजे दमा आनुवंशिक आहे तर? आहे, पण लोक समजतात तसा नाही.

घराण्याचा आणि दम्याचा संबंध मोजून दाखवणारा पहिला मोठा अभ्यास १९१६ सालचा. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हँडर व्हीअर या डॉक्टरांनी दमा आणि परागज्वराच्या ५०४ रुग्णांची कुळी विचारली. जवळजवळ निम्म्यांच्या नात्यात हीच दुखणी निघाली. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बापाला दमा असला तरी मुलाला दमाच होईल असं नव्हतं. एखाद्याला नुसत्या शिंका, एखाद्याला अंगावर गांधी, एखाद्याला काहीच नाही. पुढच्या पिढीत उतरत होता तो शरीराचा कल. साध्या धुळीवर किंवा परागकणांवर शत्रू समजून तुटून पडण्याचा हा कल. म्हणूनच डॉक्टर दम्याबरोबर इसबाचीही चौकशी करतात. लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत इसब, मग नाक, मग छाती, हा क्रम बऱ्याच मुलांत दिसतो.

आनुवंशिकतेचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कून्या या एकाकी बेटावर सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूठभर माणसं तिथे वसली आणि पुढच्या पिढ्या आपसातल्या लग्नांतूनच वाढल्या. १९६१ मध्ये ज्वालामुखी फुटला, सगळं बेट रिकामं करून लोकांना इंग्लंडला आणलं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना दम्याचं प्रमाण पाहून धक्का बसला. नंतरच्या संशोधनात तर निम्म्याहून अधिक बेटकऱ्यांत दम्याच्या कमी-अधिक खुणा आढळल्या. माग काढत गेल्यावर तो सुरुवातीच्या रहिवाशांपैकी काही दमेकरी बायकांपर्यंत पोचला. बेटावर शहरासारखा कारखान्यांचा वा गाड्यांचा धूर नाही. तरीही दमा.

मग एक जनुक शोधा आणि विषय संपवा, असं वाटणं साहजिक आहे. पण थॅलेसेमियासारखं एक जनुक बिघडलं आणि रोग झाला, असा दम्याचा हिशेब नाही. २००७ मध्ये लंडनच्या मिरियम मोफॅट, विल्यम कुकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या गुणसूत्रावरचा एक भाग बालपणीच्या दम्याशी जोडून दाखवला. त्यानंतर असे डझनावारी भाग सापडले. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. ढोबळ मानाने आई किंवा वडील यांपैकी एकाला दमा असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक आणि दोघांना असेल तर निम्म्यावर, असं डॉक्टर सांगतात. आईच्या दम्याचं वजन बापाच्या दम्यापेक्षा जास्त पडतं, असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. (हे वाचून सासूबाईंनी सुनेकडे वळण्याआधी इतकं ध्यानात घ्यावं की आईबाप दोघेही ठणठणीत असलेल्या मुलांनाही दमा होतो.) शिवाय एका बीजापासून झालेल्या, तंतोतंत सारख्या जनुकांच्या जुळ्यांतही कित्येकदा एकाला दमा असतो आणि दुसरा रानभर धावत असतो.

खरी गंमत सतराव्या गुणसूत्राच्या पुढच्या कथेत आहे. २००८ मध्ये फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून दिसलं की त्या भागाचा जोर सगळ्या मुलांत सारखा नसतो. अगदी लहानपणी ज्यांच्या घरात तंबाखूचा धूर होता, त्यांच्यात तो जास्त दिसला. जनुक जन्मापासून अंगात असतं, त्याला चेतवायचं काम घर करतं. आणि घरसुद्धा वारशानेच मिळतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आजोबा, बाप आणि नातू तिघांनाही धाप लागत असेल तर तिघे एकाच चुलीच्या धुरात, एकाच ओल धरणाऱ्या भिंतीशेजारी वाढले का, हेही विचारावं लागतं.

राहाता तालुक्यात हा प्रश्न फार लांबचा नाही. १९५० मध्ये आकाराला आलेला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना इथलाच, प्रवरेचा. उसाने या भागाला पैसा दिला, आणि तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूरही दिला. बांधाबांधाला गाजर गवत माजलेलं असतं, त्याच्या परागकणांनी शिंका आणि धाप लागणारे पुष्कळ. शिर्डीत तर रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या उत्सवांच्या काळात वाहनांची रीघ लागते. पण लेकराच्या छातीला सगळ्यात जवळचा धूर घरातलाच असतो. चुलीचा, उदबत्तीचा, मशेरी भाजतानाचा, आणि डासांच्या कॉइलचा. बंद खोलीत जळणारी एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. बाळाच्या पाळण्याखाली रात्रभर कॉइल लावणारं घर विडी ओढणाऱ्या आजोबांना मात्र ओसरीवर पाठवतं. डासांसाठी कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी.

धूर-धुळीने दमा वाढतो, मग मूल काचेच्या पेटीत ठेवावं का? उलट पुरावा आहे. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांची पाळंमुळं मध्य युरोपात, जनुकंही बरीचशी मिळतीजुळती. आमिश लोक घोड्यांनी शेती करतात, गोठा घराला लागून. हटराइटांची शेती मोठी आणि यांत्रिक, जनावरं घरापासून लांब. हटराइट मुलांत दम्याचं प्रमाण आमिश मुलांच्या सुमारे चौपट. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आमिश घरांतल्या जंतूंनी समृद्ध धुळीने उंदरांना दम्यापासून वाचवलं, हटराइट घरांतल्या धुळीने नाही. गोठ्याशी लहानपणापासून आलेला संबंध शरीराच्या संरक्षणयंत्रणेला शहाणं करतो, असं यावरून शास्त्रज्ञ मानतात. मात्र ज्याला दमा झालेलाच आहे त्या मुलाला कडब्याच्या कुट्टीजवळ उभं करू नये. ती धूळ त्याला औषध ठरत नाही.

दम्याची लाज वाटण्यामागे जुनी भीतीही असावी. श्रीसाईसच्चरिताच्या तेराव्या अध्यायात नारायणगावच्या भीमाजी पाटलांची कथा येते. १९०९ साली त्यांना छातीचा विकार जडला आणि त्याचा क्षय झाला. त्या काळी छातीचं दुखणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्षयच यायचा. आजही अनेक घरांत दोन्ही रोग एका पोतडीत जातात. क्षय जंतूने होतो, एकाकडून दुसऱ्याला लागतो आणि पूर्ण औषधाने बरा होतो. दमा कोणालाच लागत नाही. दमेकऱ्याच्या ताटात जेवलं, त्याच्या पांघरुणात निजलं तरी काही होत नाही.

उपायांचीही परंपरा मोठी. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला कोस-कोस जाणारे आहेत, मृगाला हैदराबादेत जिवंत माशातून औषध गिळणारे आहेत. शिर्डीत येणारा भाविक लेकराच्या कपाळाला द्वारकामाईच्या धुनीची उदी लावतो. त्याला कोणत्याच डॉक्टरची हरकत नसते. हरकत असते ती उदी लावली म्हणून दम्याचा पंप (इनहेलर) बंद करण्याला. पंपाची सवय लागते, तो ‘शेवटचा’ उपाय आहे, हा समज इतका पक्का आहे की आई पंप पदराआड लपवून देते. वास्तविक पंपातल्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनळीत उतरतं. तेच गोळीतून द्यायचं तर कितीतरी पट जास्त लागतं आणि सगळ्या अंगभर फिरतं. लहान मुलाला पंपापुढे स्पेसरची नळी आणि तोंडावर मास्क लावायचा, एक दाब द्यायचा, पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे, मग चूळ भरायला लावायची. एवढंच. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी तब्बल ४२ टक्के इथे होतात, असा २०१९ च्या आकडेवारीचा अंदाज आहे. हा फरक जनुकांचा नाही. न झालेल्या निदानाचा आणि न घेतलेल्या पंपाचा आहे.

बाळाला दमा होईल का, हे सांगणारी रक्ताची भरवशाची चाचणी आज नाही. म्हणून कुळीची खरी माहिती हीच त्यातल्या त्यात कामाची. घरात दमा, इसब किंवा जुनी सर्दी आहे हे कळलं की डॉक्टर वारंवार होणाऱ्या घुरघुरीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की नळीत फुंकून करायची स्पायरोमेट्रीही जमते.

पोटुशी दमेकरीण मात्र याच वारशाच्या भीतीने वेगळीच चूक करते. बाळाला औषधाचा त्रास नको म्हणून ती पंप सोडते, किंवा सासरी कळू नये म्हणून माहेरीच ठेवून येते. श्वासातून घ्यायची नेहमीची औषधं गरोदरपणात चालू ठेवावीत, असाच सल्ला डॉक्टर देतात. आईचा दमा बळावला तर बाळाला प्राणवायू कमी पडतो, ते कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये पुढे छातीत घुरघुर होण्याचं प्रमाण अधिक असतं, आईबापांची जनुकं कशीही असोत.