लेकरांची खेळणी, पुस्तके आणि अंगडी-टोपडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक ते तीन वर्षांच्या मुलाला खेळण्याच्या किमतीशी काही देणेघेणे नसते. जे वाजते, घरंगळते, उघडते-मिटते, एका भांड्यातून काढून दुसऱ्यात टाकता येते, आणि मुख्य म्हणजे जे घरातली मोठी माणसे रोज हाताळतात, ते त्याला हवे असते. म्हणून नवी मोटार कोपऱ्यात पडून राहते आणि लेकरू डब्याच्या झाकणामागे लागते. तरी मोठ्यांची खरेदी थांबत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावरचे बाजाराचे गाव. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता इथेच त्याला मिळतो, आणि आता समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागाही जवळच आहे. अशा गावी बाजाराला आलेला माणूस घरच्या लेकरासाठी काहीतरी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. त्या खरेदीमागे काही समजुती असतात. त्यांपैकी निम्म्या निरुपद्रवी आहेत. उरलेल्या तपासून घ्याव्यात अशा आहेत.

वॉकर म्हणजे आजचा पांगुळगाडा?

वॉकरमध्ये बसवले की मूल लवकर चालते, आणि वॉकर हा जुन्या पांगुळगाड्याचाच सुधारित अवतार आहे, असे सर्रास मानले जाते. दोन्ही वस्तूंना चाके असतात, एवढेच त्यांच्यात साम्य आहे.

सुताराने केलेल्या तीनचाकी पांगुळगाड्याला आडवी मूठ असते. मूल ती धरून आधी स्वतःच्या बळावर उभे राहते आणि मग गाडा पुढे ढकलते. अंगाचा भार त्याच्याच पायांवर असतो, तळवे जमिनीला पूर्ण टेकतात, तोल सावरण्याचे काम त्यालाच करावे लागते. चाके लाकडी आणि जरा अडखळत फिरणारी असतात. हा दोष वाटतो, पण खरा गुण तोच, कारण गाडा हातातून निसटून पुढे पळत नाही.

प्लास्टिकच्या वॉकरमध्ये मूल झोळीसारख्या आसनात लटकते. चवड्यांनी जमीन ढकलली की गाडी सुटते, तोल सांभाळावा लागत नाही आणि समोरच्या थाळीमुळे स्वतःचे पाऊलही दिसत नाही. त्यामुळे चालणे लवकर येत नाही. काही पाहण्यांत उलट थोडा उशीरच आढळला आहे. धोका मात्र खराखुरा आहे. वॉकरमधले मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. ओसरीची पायरी, उंबरठा, खाली मांडलेली शेगडी, टेबलावरून लोंबणारी वायर या सगळ्यांपर्यंत ते मोठ्यांचा हात पोहोचण्याआधी पोहोचते. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशीच बंदी मागत आली आहे.

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपलेही चालले पाहिजे, ही घाई वॉकर विकत घ्यायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले दिसले. इतक्या मोठ्या पट्ट्यात दोन-तीन महिने इकडे-तिकडे होण्याला काही अर्थ नाही. घरात बूट घातल्याने पाय मजबूत होतात, हेही खरे नव्हे. सपाट जमिनीवर अनवाणी चालताना बोटांची पकड आणि तळव्याचे स्नायू तयार होतात. बूट-चप्पल हवी ती बाहेर, काट्याकुट्यापासून आणि उन्हाने तापलेल्या जमिनीपासून राखण्यासाठी.

बोलणारी खेळणी आणि मोबाइल

बटण दाबले की ए-बी-सी म्हणणारे खेळणे मुलाला बोलायला शिकवते, असे त्याच्या खोक्यावर छापलेले असते. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या २६ मुलांचे त्यांच्या पालकांबरोबरचे खेळणे घरातच ध्वनिमुद्रित केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बॅटरीवरच्या खेळण्यांबरोबर पालक सर्वांत कमी बोलले आणि पुस्तकांबरोबर सर्वांत जास्त. साधे ठोकळे नि कोड्याची खेळणी मधे राहिली. खेळणे बोलू लागले की माणूस गप्प बसतो. मुलाला भाषा येते ती त्याच्या आवाजाला कोणी उत्तर दिल्याने. खेळण्याला त्याचे उत्तर ऐकूच येत नाही.

मोबाइलवरच्या गाण्यांचेही तेच. डिस्ने कंपनीने तान्ह्या मुलांसाठीच्या ‘बेबी आइन्स्टाइन’ चित्रफितींचे पैसे २००९ साली ग्राहकांना परत देऊ केले. या फिती शैक्षणिक असल्याच्या दाव्यावर त्याआधी बरीच टीका झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एका तासाच्या आत थांबावे. भारतीय बालरोग अकादमीही हेच सांगते, फक्त एक सवलत देते : नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या बापाचे तोंड लेकराने फोनवर पाहिले तर बिघडत नाही, कारण तिकडून कोणीतरी उत्तर देत असते. जेवताना मोबाइल लावला की घास पटापट जातात हे खरे, पण पोट भरल्याची खूण ओळखायला मूल त्यातून शिकत नाही.

खेळणी जितकी जास्त तितके मूल रमते, हाही असाच समज. ओहायोतील टोलीडो विद्यापीठाच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली गेली. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. घरात खेळणी पुष्कळ झाली असतील तर निम्मी माळ्यावर टाकून महिन्याने बदलावीत. ती पुन्हा नवी वाटतात.

‘लाकडी आहे, म्हणजे निर्धोक’

प्लास्टिक वाईट आणि लाकूड चांगले, ही विभागणी फार ढोबळ आहे. सावंतवाडीच्या लाकडी फळांचे कौतुक रास्त आहे, आणि विदर्भात तान्ह्या पोळ्याला चाकांवरचा लाकडी नंदी ओढत नेणारी मुले पाहिली की दुसरे खेळणे सुचू नये. प्रश्न लाकडाचा नाही, रंगाचा आहे. या वयात वस्तू तोंडात जातेच, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधते आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेला, पोपडे उडालेला घरचा नंदी देवळीत शोभेला ठेवावा. तान्ह्या हातात द्यायचा तर बिनरंगाचा नवा करून घ्यावा.

खेळण्यावरचा आयएसआय शिक्का फक्त परदेशी मालासाठी असतो, असेही मानले जाते. केंद्र सरकारचा खेळण्यांविषयीचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना, देशी असोत की आयात केलेली, तो लागू होतो. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे कारागिराच्या खेळण्यावर शिक्का नसणे बेकायदा नाही; तिथे रंग आणि सांधे स्वतः पाहून घ्यावे लागतात.

सगळ्यांत घातक गैरसमज खोक्यावरच्या लहानशा चित्राबद्दल आहे. वर्तुळात मुलाचे तोंड, ०–३ हा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ. ‘आमचं पोट्टं हुशार आहे, दोन वर्षांचं असून तीनचं खेळणं खेळते,’ असे म्हणत ते विकत घेतले जाते. त्या चित्राचा हुशारीशी संबंध नाही. या खेळण्यात घशात अडकण्याजोगे बारीक भाग आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तपासणीसाठी सुमारे ३१.७ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात; तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला नको. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, त्यावरून अंदाज येतो. चेंडूचा नियम याहून कडक आहे, साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू टाळायचा.

हाच हिशेब घरच्या वस्तूंनाही लावायला हवा. गजगे, चिंचोके, सागरगोटे ही मोठ्या मुलींची खेळणी. रास घातलेल्या घरात तूर, हरभरा, सोयाबीनचे दाणे जमिनीवर असतातच, आणि ते नाकात किंवा श्वासनलिकेत गेले की ओलाव्याने फुगतात. शेंगदाणा तर नेहमीचाच अपराधी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटतो आणि ओढून काढता येत नाही. रिमोटमधली किंवा दिव्याच्या खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तिथे ‘उद्या शीतून पडेल’ म्हणून थांबणे चालत नाही.

टाकाऊतून खेळणी हा महाराष्ट्राला ठाऊक असलेला मार्ग आहे. २०१८ साली पद्मश्री मिळालेल्या अरविंद गुप्ता यांनी तो घरोघरी नेला. पण काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची ती खेळणी शाळकरी मुलांची आहेत. दोन वर्षांच्या मुलासाठी टाकाऊ म्हणजे पाण्याची बाटली (झाकण पक्के बसवलेली), पुठ्ठ्याचे खोके, एकात एक बसणाऱ्या वाट्या. महागड्या साधनांवाचून बालशिक्षण होते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शंख, पाने, बिया, खडे वापरून दाखवून दिले होते.

‘पुस्तक फाडतं, अजून वय नाही’

फाडणे, चावणे, उलटे धरणे ही पुस्तकाशी ओळख होण्याची पहिली पायरी आहे. पातळ पान उलटायला बोटे अजून तयार नसतात, म्हणून जाड पुठ्ठ्याची पाने हवीत. तशी पुस्तके जवळ मिळत नसतील तर जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कामी येतो. त्यावर गाय, बकरी, एसटी, आजी यांची चित्रे किंवा फोटो खळीने चिकटवून डाव्या कडेला सुईदोऱ्याने शिवायचे. पिना टोचायच्या नाहीत. जरा मोठ्या मुलांसाठी मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका घरातल्याच माणसांभोवती फिरते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मंचावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात.

तीच गोष्ट दहादा सांगून मुलाचा वेळ वाया जातो, असे मोठ्यांना वाटते. कंटाळा मोठ्यांना येतो, मुलाला नाही. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ च्या प्रयोगात तीन वर्षांची मुले वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन:पुन्हा ऐकून नवे शब्द जास्त शिकली. अक्षरांची घाई मात्र करू नये. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेण्यापेक्षा कणीक मळायला, तांब्याने पाणी ओतायला दिले तर तीच बोटे लवकर तयार होतात.

कपडे

लहान मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त थंडी वाजते म्हणून बाराही महिने टोपडे, ही समजूत तान्हेपणातल्या कुंचीपासून चालत येते. नवजात बाळासाठी ती बरोबर आहे. पळणाऱ्या मुलाला मात्र एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात, पारा ४२-४४ अंशांवर असताना, बंद गळ्याचे जाड कपडे घालणे म्हणजे घामोळ्यांना आणि उन्हाच्या त्रासाला निमंत्रण. सैल, सुती, अर्ध्या बाह्यांचे कपडे पुरतात. लग्नसराईतले नायलॉनचे झगमगीत झगे आगीजवळ वितळून अंगाला चिकटतात, टिकल्या सुटतात, फोटोपुरते ठीक. गळ्यातला काळा दोरा आणि टोपीचे लांब बंद पाळण्यात किंवा दाराच्या कडीत अडकून फास बसू शकतो. दोरा हवाच असेल तर कमरेला. वाळ्यांचे घुंगरू सैल झाले आहेत का, हे आंघोळीच्या वेळी पाहावे.

पेटीतून काढलेले स्वेटर डांबरगोळ्यांच्या वासासकट घातले जातात. ज्या मुलांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थालीनने फुटू शकतात. कमतरता आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून असे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच घालावेत. शिवाय पांढरी गोळी पेपरमिंटसारखी दिसते.

माती

मातीत खेळू देऊ नये, हा एक टोकाचा समज. माती खाणाऱ्या मुलाला कॅल्शियम कमी पडते, हा दुसरा. खेळण्यात गैर काही नाही, नंतर हात साबणाने धुतले म्हणजे झाले. रोज माती किंवा भिंतीचा पोपडा खाणे मात्र बहुधा लोहाच्या कमतरतेबरोबर आढळते. कॅल्शियमच्या बाटल्या पाजून ते थांबत नाही. हिमोग्लोबिन तपासावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही शंका दूरची नाही. सरकारी कार्यक्रमात या वयाला आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध असते. जंतनाशक मोहिमेत एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, तीही चुरून देतात.

हट्ट, वाटून खेळणे, उशिरा बोलणे

दोन वर्षांचे मूल खेळणे देत नाही म्हणून ते स्वार्थी ठरत नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ सालीच नोंदवले होते की या वयाची मुले एकमेकांशेजारी आपापले खेळतात. मिळून खेळणे पुढे येते. एकाच विटक्या गोधडीशिवाय झोप न येणे हीही वाईट सवय नाही. आईपासून वेगळे होताना मुलाला धीर देणारी ती वस्तू असते, असे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी मांडले. ती धुवावी, लपवू नये. मुलग्याने भातुकली किंवा बाहुली घेतली तर त्यात बिघडण्यासारखे काही नाही. जे घरात चालते त्याची तो नक्कल करत असतो.

अंगणवाडी तीन वर्षांनंतरच, त्याआधी फक्त पोषण आहाराची पाकिटे, असा समज आहे. केंद्राने २०२४ साली आणलेला ‘नवचेतना’ हा आराखडा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे. सेविकेने घरभेटीत पालकांना वयानुसार खेळ दाखवावेत, अशी त्यात योजना आहे.

‘मुलगे उशिराच बोलतात, बाप पण तीन वर्षांनी बोलला’ या वाक्याने पुष्कळ मुलांची तपासणी लांबते. मुलगे सरासरीने किंचित मागे असतात, पण फरक थोडा आहे. दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचे झाले तरी ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासावेत. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, ही तपासणी विनाशुल्क करते आणि गरज असेल तर मुलाला पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते.