वजन बेताचं, तरी चरबी जास्त

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकण-कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. तरी "मी कुठे जाड आहे, मला कशाला शुगर होईल?" हा प्रश्न इथेही ऐकू येतो.

जादा चरबी म्हणजे जादा वजन नव्हे. किलोभर शेंगांत दाणे किती आणि टरफलं किती, हे तराजू सांगत नाही, शरीराचंही तसंच. कातडीखालची चरबी चिमटीत येते. यकृत-आतड्यांभोवतीची अंतस्थ चरबी (पोटाच्या पोकळीत साठणारी) येत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवते ती मुख्यतः हीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे अगदी सारखा. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडच्या सडपातळ माणसांनी हे मनावर घ्यायलाच हवं.

म्हणून टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर तपासणी करून घ्यावी.

नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं मात्र उपयोगी पडतं, कारण राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. काटा हलला नाही तरी हा फायदा मिळतो. तेवढ्यासाठी चालणं सोडू नका.