मंगळाचा पाषाण आणि भीमाकाठचा कातळ

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठावरील निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांच्यापाशी उभे राहिले म्हणजे ज्या काळ्या पाषाणावर पुणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग वसला आहे, त्याचे उघडे स्वरूप एका दृष्टिक्षेपात पाहावयास मिळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या शिलारसाचे थर एकावर एक थिजून हा बेसाल्ट तयार झाला. घोडनदीच्या तटावरील दरडी, दौंडजवळ भीमेच्या पात्रात उन्हाळ्यात उघडा पडणारा कातळ आणि उसाच्या मळ्यांतील काळी जमीन, ही सर्व त्याचीच रूपे होत. मंगळावरून पृथ्वीवर आलेल्या अशनींविषयी लिहिताना या कातळापासून आरंभ करण्याचे कारण असे की, त्या अशनींपैकी बहुतेक जातीने बेसाल्टच्याच कुळातील आहेत, आणि आपल्या मुलखात त्यांचा शोध घेणे दुर्घट होते ते नेमके या साधर्म्यामुळेच.

मंगळाचा एक पाषाण हिंदुस्थानच्या भूमीवर लोकांच्या डोळ्यांदेखत पडलेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास बिहारमधील गया जिल्ह्यात, शेरघाटी येथे, आकाशात प्रचंड गडगडाट होऊन सुमारे ५ किलो वजनाचा एकच दगड खाली आला. मुलकी अंमलदारांनी तो ताब्यात घेतला, त्याची हकिकत दप्तरी दाखल झाली, आणि तो कलकत्त्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात पोहोचला. पुढे १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्टाव चेर्माक या खनिजशास्त्रज्ञाने त्याचे परीक्षण केले, तेव्हा त्यातील फेल्डस्पारचे स्फटिक आपला बाह्य आकार न सोडता आतून काचरूप झालेले त्याला आढळले. या द्रव्याला त्याने ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलीन यांच्या सन्मानार्थ मॅस्केलिनाइट हे नाव दिले. हा दगड ज्या भूमीतून उडाला तेथे केवढा भयंकर आघात झाला असला पाहिजे, याची साक्ष त्या काचेत आहे.

तथापि ती भूमी मंगळाची, हे कळण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. बहुतेक अशनी सुमारे ४५६ कोटी वर्षांचे, म्हणजे सूर्यमालेच्याच वयाचे असतात. शेरघाटीचा पाषाण मात्र शिलारसातून थिजला त्याला जेमतेम १७ कोटी वर्षे झाली आहेत. लघुग्रहांसारखे लहान गोल फार प्राचीन काळीच थंडावले असल्यामुळे इतका अर्वाचीन शिलारस एखाद्या मोठ्या ग्रहावरच संभवतो, हा तर्क झाला. पुरावा मिळाला तो अंटार्क्टिकाच्या बर्फावर १९७९-८० च्या मोसमात सापडलेल्या, शेरघाटीच्याच गणातील एका अशनीतून. आघाताच्या क्षणी वितळलेल्या काचेत अडकून पडलेला वायू डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ मध्ये मोजला, आणि व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर उतरून तेथील वातावरणाचे जे प्रमाण कळविले होते त्याच्याशी तो जुळला. एका ग्रहाच्या हवेचा नमुना दगडाने लाखो वर्षे सांभाळून दुसऱ्या ग्रहावर आणून पोहोचवावा, याहून विस्मयकारक गोष्ट भूशास्त्राच्या इतिहासात क्वचितच घडली असेल.

मंगळाचे गुरुत्वाकर्षण सोडण्यास सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेग लागतो. एखादा मोठा लघुग्रह तेथे आदळला, तर पृष्ठभागाजवळचे काही खडक तेवढ्या वेगाने उधळले जातात आणि सूर्याभोवती भ्रमण करू लागतात. शेरघाटीचा पाषाण असा पंचवीस-तीस लाख वर्षे भटकत होता, हे वैश्विक किरणांनी त्यात घडविलेल्या बदलांवरून मोजता येते.

जगात आजवर नोंदल्या गेलेल्या सत्याहत्तर हजारांहून अधिक अशनींत मंगळाचे सुमारे ४००, आणि पडताना प्रत्यक्ष पाहिलेले तर अवघे पाच: फ्रान्समधील शासिन्यी (१८१५), शेरघाटी (१८६५), इजिप्तमधील नखला (१९११), नायजेरियातील झगामी (१९६२) आणि मोरोक्कोतील तिसिंत (२०११). बाकीचे प्रायः अंटार्क्टिकाच्या हिमावर किंवा सहाराच्या वाळवंटात वेचलेले आहेत, कारण पांढऱ्या बर्फावर अथवा फिकट वाळूवर काळा दगड दुरूनही नजरेत भरतो आणि कोरड्या हवेत तो दीर्घकाळ टिकतो. त्यातूनच आता मोठा व्यापार उभा राहिला आहे. नायजर देशात २०२३ मध्ये सापडलेला २४.६७ किलोचा पाषाण, जो पृथ्वीवरील मंगळाच्या अशनींत सर्वांत मोठा, तो जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरला विकला गेला, आणि तो देशाबाहेर गेलाच कसा, याची चौकशी नायजर सरकारने सुरू केली. खाजगी संग्राहकांच्या उत्साहाने विज्ञानाला पुष्कळ नमुने मिळाले हे मान्य करूनही, ज्या दगडाचे पतनस्थान आणि हस्तांतर यांचा दाखला नाही, त्याचे निम्मे मोल हरवले असे मी समजतो.

शिरूर-दौंडच्या माळावर तर असा दगड नुसत्या नजरेने वेचून काढणे जवळजवळ अशक्यच. येथे मुरमाड जमिनीत काळा दगड जागोजाग आहे, पावसाने त्यावर तांबूस-काळी साल चढते, आणि मोठे धोंडे कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटून गोल होतात. शिवाय लोहमार्गालगत कोळशाच्या इंजिनांच्या काळातील खंगर मिळतात, ते अनभिज्ञ मनुष्यास हमखास आकाशातून पडल्यासारखे वाटतात. ज्याच्या अंगावर छिद्रे आहेत, किंवा ज्याच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरली आहेत, तो दगड बहुधा येथलाच. ताज्या अशनीवर वितळून झालेले मिलिमीटरभरही जाड नसलेले काळे कवच असते, पण दोन-चार पावसाळ्यांत ते झिजले म्हणजे शेजारच्या धोंड्यापासून त्याला निराळे काढण्यास प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रयोगशाळेतील मोजमापच लागते.

या साधर्म्याचा एक मोठा लाभही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर याच बेसाल्टात आघाताने खोदले गेले, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निर्विवाद ठरले, आणि तेथील आघातग्रस्त खडकांत शेरघाटीच्या पाषाणात प्रथम ओळखले गेलेले तेच मॅस्केलिनाइट आढळले. मंगळावरील विवरांचा अर्थ लावू इच्छिणारे अभ्यासक म्हणूनच लोणारला येतात.

तेव्हा आपल्या भागात भरवसा ठेवावयाचा तो डोळ्यांनी पाहिलेल्या पतनावर. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला, तेव्हा तुकडे त्वरेने गोळा झाले म्हणूनच पुढे त्यांत ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या खोल गर्भात विपुल असलेले, पण हाती क्वचित लागणारे खनिज सापडू शकले. तो पाषाण मंगळाचा नव्हता, लघुग्रहाचा होता. असा प्रसंग उद्या न्हावरे किंवा पाटस येथील शेतात आला, तर वेळ, दिशा आणि आवाज टिपून घ्यावा, दगड पडला त्या जागेचे छायाचित्र काढावे, तो न धुता स्वच्छ कागदात गुंडाळावा, आणि तलाठी अथवा पोलीस पाटील यांच्याकरवी पंचनामा करवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचता करावा, कारण देशात पडलेल्या अशनींच्या जतनाचे काम त्या संस्थेकडे आहे. चुंबक मात्र त्यास लावून पाहू नये. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या, ४०० कोटी वर्षांहून जुन्या अशा मंगळाच्या एका अशनीत त्या ग्रहाच्या नष्ट झालेल्या चुंबकीय क्षेत्राची क्षीण खूण शिल्लक आढळली. सहाराच्या बाजारातून आलेल्या कितीतरी दगडांतील तशी खूण विक्रेत्यांनी परीक्षेसाठी लावलेल्या चुंबकाने पुसून गेली आहे.